दोन नद्यांचे मासे

सुप्रभा आठल्येला राग आला की ती बोलायची नाही, टाक्या धुवायची. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आम्ही दोघी शेजारी बसायचो, त्यामुळे तिच्या गॅरेजमध्ये मला केव्हाही जाता यायचं. गाडी बाहेर रस्त्यावर, आणि आत तिच्या नवऱ्याने, विष्णूने, ठोकून दिलेल्या फळ्यांवर चौदा टाक्या. सगळ्यांत ऑस्ट्रेलियातले रेनबोफिश.

जात एकच, पण मासे दोन वेगळ्या नद्यांतले. एका नदीतल्या नराचे पर लालभडक, दुसरीतल्या नराच्या अंगावर निळी झाक. माद्या आणि पिल्लं मात्र इतकी सारखी, की मला कधीच ओळखता आली नाहीत. दोन्हींची जाळी वेगळी, बादल्यासुद्धा वेगळ्या. "एकदा मिसळले की संपलं," ती म्हणायची. "मग ना हे राहिले, ना ते." लाल परांचा वंश तिने अकरा वर्षं जपला होता. प्रत्येक पिढीची नोंद एका वहीत होती.

२००३ साली गिरीश आला. पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला, बायको अजून तिकडेच. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि दर शनिवारी तो सुप्रभाताईंकडे जेवायला येऊ लागला. तिने त्याला सगळं शिकवलं. पाण्यात हिरव्या लोकरीचा झुपका सोडायचा, सकाळी मासे त्यावर अंडी घालतात, तो झुपका उचलून दुसऱ्या टाकीत ठेवायचा. पहिली अंडी तिनेच दिली. वहीही वाचायला दिली.

पुढच्या वर्षी मत्स्यपालकांच्या क्लबच्या मासिकात गिरीशचा लेख आला. फोटो सुप्रभाच्या टाकीचा, तारखा सुप्रभाच्या वहीतल्या. "माझ्या गॅरेजमधला अकरा वर्षांचा वंश," असं त्याने लिहिलं होतं. गिरीश दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचा! सुप्रभाचा उल्लेख एका ओळीत: सुरुवातीला मदत करणाऱ्या एक बाई.

तिने फोन केला. तो हसला. "अहो ताई, लेखात थोडं इकडचं तिकडे होतंच. आणि तुमचं इंग्लिश... तुम्ही काही लिहिणार होतात का?"

तिने फोन ठेवला आणि सहा टाक्या धुतल्या.

"सोड ना आता," विष्णू म्हणाला.

"सोडणार नाही," ती म्हणाली.

संधी गिरीशनेच आणून दिली. २००५च्या मार्चमध्ये त्याच्या टाकीतला हीटर बंदच झाला नाही. तो ऑफिसातून आला तेव्हा पाणी तापून सगळे मासे मेले होते. तो धावत सुप्रभाकडे आला. "ताई, पुन्हा थोडी अंडी द्याल? पुढच्या वर्षी ब्रिस्टलच्या शोमध्ये नाव दिलंय. क्लबमध्ये कुणाला कळायला नको."

"पुढच्या शनिवारी ये," ती म्हणाली, आणि त्याला पोहे वाढले.

तो गेल्यावर तिने एक रिकामी टाकी भरली. लाल नदीतल्या तीन माद्या सोडल्या आणि त्यांच्यात निळ्या नदीतला एक नर. इतक्या वर्षांत तिने हे कधी केलं नव्हतं. मी तिथेच उभी होते. शनिवारी तिने गिरीशच्या हाती त्या टाकीतला झुपका दिला, वर पिल्लांना काय घालायचं तेही नीट सांगितलं.

२००६च्या मेमध्ये मी तिला ब्रिस्टलला घेऊन गेले. गिरीश सूट घालून टाकीशेजारी उभा होता. परीक्षक वाकले, त्यांनी टॉर्च मारला, बराच वेळ पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या वंशाचे मासे हे नव्हेत. ही भेसळ आहे." टाकी स्पर्धेतून काढली. गिरीशचा चेहरा पांढराफटक पडला. गर्दीत त्याला सुप्रभा दिसली.

"ताई, हे तुम्ही केलंत?"

"हो. मीच."

"वर्षभर मला कळू दिलं नाहीत?"

"रोज सकाळी पाच मिनिटं त्यांच्याकडे पाहिलं असतंस, तर सहाव्या महिन्यात नरांच्या रंगावरून तुलाच कळलं असतं. मासे तुझे होते ना?"

तो टाकी रिकामी करू लागला. सुप्रभाने चहा आणला आणि ती खुर्चीत बसून चवीने प्यायली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

चहा संपायच्या आत केन नावाचे एक म्हातारे रिटायर्ड पोस्टमन गिरीशला शोधत आले. गेल्या हिवाळ्यात गिरीशने त्यांना वीस पिल्लं दिली होती. ती त्यांनी आपल्या जुन्या लाल माशांत सोडली होती. आता कुठलं पिल्लू खरं, कुठलं भेसळीचं, हे त्यांना कळणार नव्हतं. सुप्रभाने कप खाली ठेवला. ती त्यांच्याजवळ गेली आणि सगळं सांगून टाकलं. केननी शांतपणे ऐकलं, डोक्यावर टोपी घातली आणि निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात तिने त्यांना शुद्ध अंड्यांचा झुपका स्वतः नेऊन दिला. त्यांनी घेतला, पण आत या म्हणाले नाहीत. त्यानंतर तिने क्लब सोडला. गिरीश स्लाऊ गावात राहायला गेला. त्याने मासे पाळणं बंद केलं, असं कुणीतरी सांगितलं.

एकदा लॅबमध्ये मी तिला विचारलं, "पुन्हा करशील?"

"करेन," ती लगेच म्हणाली. मग तिने स्लाइड बाजूला ठेवली. "पण या वेळी त्याला बजावेन, यातली पिल्लं कुणाला देऊ नकोस."