हिंगाची कणीक

काल धपाट्यांच्या पिठात हिंग जरा जास्त पडला आणि त्या वासानं शिरूरजवळचं एक खासगी तळं आठवलं. तिथे गळाची स्पर्धा होती. मासे धरायचे, वजन करून परत पाण्यात सोडायचे. माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, जोडीदार आजारी पडला, म्हणून आमिषाची हिंगाची कणीक मळायला मी गेले.

घरात आबा माझ्याशी कामापुरतंच बोलत. तिथे मात्र गळाच्या दोरीला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बुचावर नजर ठेवून ते एकाएकी म्हणाले, "तुझी सासू माळकरी. घरात मासा चालायचा न्हाई. म्हनली, धरा, पन सोडून या. तवापास्नं हितं येतोय."

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. आबा बोलतच राहिले. तिचं हसणं, तिच्या हातची आमटी, शेवटचं दुखणं. तेवढ्यात बूच बुडालं, खाली मासा आमिष ओढत होता. तो मासा मिळाला असता तर पहिला नंबर आमचाच होता. पण मी मध्ये बोलले असते तर आबा थांबले असते. मी कणीक मळत राहिले. मासा कणीक खाऊन गेला, आम्ही हरलो.

बूच बुडालेलं आबांना दिसलंच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता आबाही नाहीत. काल पीठ मळता मळता लक्षात आलं, बुचावरून त्यांची नजर एकदाही हलली नव्हती.