दुसरी काच
मायक्रोस्कोपच्या तेलाचा वास आला की शाहूपुरीतल्या माझ्या लॅबमध्ये आलेला तो बाप आठवतो. मुलीला रक्ताचा कर्करोग होता; अस्थिमज्जेत कच्च्या पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या आणि औषध त्या पेशींच्या प्रकारावर ठरणार होतं. मी त्यांना मायक्रोस्कोपखाली मुलीच्या पेशींची काच दाखवली, शेजारी ताडून बघायला आधीच्या एका पेशंट मुलाची. “डॉक्टर, दोन्ही सारख्याच हायत की! अंदाजानं ठरवताय व्हय?” मुलीच्या पेशीतली बारीक लाल काडी मी दाखवली, ती मायलोब्लास्ट प्रकारच्या पेशीत सापडते, त्या मुलाच्या लिम्फोब्लास्ट प्रकारच्या पेशीत नसते. त्यांना काडी पटली. मग त्यांनी हळूच विचारलं, “ते पोरगं हाय न्हवं अजून?” “शाळेत जातंय.” त्यांनी खोटं पकडल्यासारखं माझ्याकडं बघितलं. आता नव्या पेशंटच्या काचेशेजारी मी त्यांच्या मुलीची काच ठेवतो. ती कॉलेजात आहे म्हटलं, की समोरचा बाप अगदी तसाच बघतो.