बदललं तर नाव बदला

"हे कोनाचं होय?"

कुठल्याही कॉम्प्युटरसमोर बसल्या की ताईंचा पहिला प्रश्न हाच. आधी पदराच्या टोकानं स्क्रीन पुसायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि मग विचारायच्या. मशीन कोणाचं हे त्यांना नको असायचं. आत जे चालतं ते कोणी बनवलं, कोणी बदललं आणि बिघडलं तर कोणाला बोलायचं, हे हवं असायचं. आमच्या शाळेत पहिल्यांदा आल्या तेव्हा मी थाटात सांगितलं, "सरकारचं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं खुर्ची पुढे केली.

मी गोरेगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवतो. ताईंचं आमगावात, स्टेशनच्या रस्त्यावर, छोटं दुकान होतं. कॉम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स, टायपिंगचे क्लास. परिसरातल्या शाळांचे कॉम्प्युटर बिघडले की फोन त्यांनाच जायचा. एसटीनं यायच्या, डबा सोबत आणायच्या आणि काम संपल्याशिवाय डबा उघडायच्या नाहीत. शिक्षकांचा चहा मात्र नाकारायच्या नाहीत. "चहा गोड करा सर, तुमची साळा कडू आहे," असं म्हणाल्या होत्या एकदा. आमचे मुख्याध्यापक पुढचे दोन दिवस फुगून बसले होते.

त्या काळात एका मोठ्या कंपनीनं मुलांना वाचायला शिकवणारं आपलं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. खुलं म्हणजे अगदी खुलं. घ्या, वापरा, उघडून आतली रचना पाहा, हवं ते बदला, पुढे वाटा. स्क्रीनच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि लाल पतंगाचं चिन्ह. वरच्या कार्यालयानं ते आमच्या शाळांसाठी मंजूर केलं आणि ताईंनी ते शाळाशाळांत बसवलं. आता त्यात चित्रं काय होती? बर्फाचं घर. समुद्रातला दीपस्तंभ. स्ट्रॉबेरी. आमची पोरं ती चित्रं बघून जांभया द्यायची.

"लेकराइनं हे कई पाह्यलं, सर? मीच नाही पाह्यलं," ताई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मोहफुलं, तेंदूपत्त्याची पुडकी, धानाच्या रोवणीची चिखलणी, सगळ्याचे फोटो स्वतः काढले. बोदलकसाच्या तलावावर गुडघाभर पाण्यात उभं राहून माशांचे फोटो काढताना त्यांची एक चप्पल गेली ती गेलीच. वाक्यं मी लिहिली. पहिल्याच दिवशी वर्गात माशाचं चित्र आलं, खाली 'मरळ' लिहिलेलं, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "ही मरळ नाही होय, बोटरी होय!" ताईंनी तिथल्या तिथे शब्द बदलला. "बरोबर. तुमी ओरखलं, मी चुकली," म्हणाल्या. अहो, मास्तर लोक वर्गात चूक कबूल करत नाहीत. मी तर बावीस वर्षांत केली नव्हती.

लाल पतंग मात्र त्यांनी कोपऱ्यात तसाच ठेवला होता. त्यामागे त्यांचा विचार होता. आपल्याकडे शाळेला कोणी पंखा दिला तर पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवतात, पंगतीची भांडी दिली तर त्यांच्यावर नाव कोरतात. "ज्यानं देलं त्याचं नाव राहू द्यावं, नाही तं बेइमानी होते," असं त्या म्हणायच्या. मलाही ते पटलं होतं. तुम्हालाही पटलं असतं.

आणि इथेच आम्ही फसलो.

ताईंनी केलेल्या बदलात एक चूक राहून गेली होती. मध्येच लाइट गेली की मुलांनी वाचलेल्या धड्यांची सगळी नोंद पुसली जायची. आणि लाइट आमच्याकडे कधी जात नाही? दुसऱ्या एका आश्रमशाळेत अर्ध्या वर्षाची नोंद उडाली. तिथले मुख्याध्यापक भडकले. स्क्रीनवर ज्याचं नाव त्याला त्यांनी सणसणीत तक्रार पाठवली: तुमचं सॉफ्टवेअर भिकार आहे, आमच्या मुलांचं वाटोळं केलंत. कंपनीच्या लोकांनी तीन आठवडे आपल्या कामात ती चूक शोधली. सापडेना. शेवटी शाळेकडून नक्कल मागवली तेव्हा त्यांना मोहफुलं दिसली.

कंपनीचं पत्र ताईंना आलं. पत्र सभ्य होतं, म्हणून जास्त झोंबलं. तुम्ही बदल केलेत याचा आनंदच आहे, तो तुमचा हक्क आहे. पण आमचं नाव आणि पतंग फक्त आम्ही जसं दिलं तसंच असलेल्या सॉफ्टवेअरवर राहील. बदललेल्यावर ते ठेवलंत तर लोकांना ते आमचंच वाटेल. आमच्या सॉफ्टवेअरवरून केलं, एवढं शब्दांत जरूर लिहा. मात्र चिन्ह काढा आणि तुमचं वेगळं नाव द्या.

"राहू द्या ना ताई," मी म्हणालो. "चूक दुरुस्त करा न् गप राहा. गोरेगावात कोन पाहाले येऊन राहिलं?"

"काऊन? मी पाहून राहिली ना," ताई म्हणाल्या. "ते लोक तीन आठवडे आपल्या घरात चोर शोधत होते, सर. चोर माह्या घरात होता."

तुम्ही म्हणाल, मग त्यात अडचण काय, नाव काढून टाकायचं. अडचण अशी की मंजुरीचा कागद कंपनीच्या नावाचा होता. नाव बदललं की मंजुरी गेली. मंजुरी गेली की मोहफुलं, मासे, माझी वाक्यं, सगळं शाळेतून बाहेर. ताई गोंदियाला वरच्या कार्यालयातल्या साहेबांना भेटायला गेल्या तेव्हा मी सोबत होतो. साहेब भले माणूस, पण फाईलवाले.

"मॅडम, नाम हटाया तो फाईल शुरू से बनेगी," साहेब म्हणाले. "टाइम लगेगा. तब तक या तो कंपनीवाला असली रखो, या कुछ मत रखो. और सच बोलूं? जैसा चल रहा है वैसा चलने दो. मैंने कुछ देखा नहीं."

"साहेब, तुमच्या घरी चिन्नोर तांदूळ येते ना?" ताईंनी विचारलं.

"आता है."

"त्याच्यात मी दुसरा तांदूळ मिसळवला. चांगलाच मिसळवला, वाईट नाही. न् पोत्यावर चिन्नोरच लिहिलं. भात बिघडला तं तुमी कोनाले शिव्या द्यान? मले का ज्यानं चिन्नोर पिकवला त्याले?"

साहेब हसले. "बात आपकी सही है. पर फाईल तो बनानी पड़ेगी."

"तं बनवा. मी बसली आहे."

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो. तुमच्या हट्टापायी पोरांच्या समोर पुन्हा बर्फाचं घर येईल, म्हणालो. त्यांनी खिडकीतून बाहेर बघत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येऊ द्या. मी पुन्हा आनीन मोहफुलं. पर दुसऱ्याच्या नावाखाली लपून नाही आनीन." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी त्या डबा घेऊन शाळेच्या फाटकात उभ्या. "पहिले भांडखोराच्या साळेतलं काढतो," म्हणाल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत आमच्या सगळ्या कॉम्प्युटरवरून त्यांनी स्वतःचं काम काढून कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर बसवलं. पतंग आता खराखुरा कंपनीचा होता. शेजारी बर्फाचं घर. मला रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. त्यांनाही.

मग त्या एकेक शाळा पालथी घालत फिरल्या. बसनं, कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, दोनदा चालत. एकाही ठिकाणी 'राहू द्या' हा शब्द ऐकून घेतला नाही. नोंद उडालेल्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं, "चूक माही होती. शिव्या मले द्या." त्यांनी दिल्या म्हणे. ताईंनी पूर्ण ऐकल्या आणि मग चहा मागितला.

फाईल वर्षभर फिरली. ताई दर महिन्याला गोंदियाला जात होत्या. शेवटी साहेबच कंटाळले असावेत; यापुढे कोणी बदल करून वेगळं नाव दिलं तरी हीच मंजुरी चालेल, पुन्हा फाईल नको, असं त्यांनी लिहून टाकलं. मंजुरी आली ती नव्या नावानं: 'बांधी'. आमच्या धानाच्या शेताचा तो बांध घातलेला तुकडा. मोहफुलं परत आली आणि बोटरीही आली, या वेळी खऱ्या नावाखाली; लाइट गेली तरी नोंद आता पुसली जात नव्हती.

सोबत ताईंनी एका पानाचे नियम लिहिले. बांधी कोणीही घ्यावी. कशीही बदलावी. कोणालाही द्यावी. बदललं तर नाव बदला. बांधीवरून केलं असं सांगा, हे बांधीच आहे असं सांगू नका. मी स्वतः तपासलं नाही ते बांधी नाही. मी भरपूर थट्टा केली. "ताई, तुमच्या नावावर कोन डाका टाकाले बसलं आहे?" त्या म्हणाल्या, "कोनी नाही. तरीबी लिहून ठेवतो." आणि पान दुकानाच्या भिंतीवर डकवलं.

मागच्या वर्षी ताई गेल्या. काविळीचं निमित्त झालं. त्याआधी दहाच दिवस आमच्या शाळेत येऊन गेल्या होत्या; डोळे पिवळे दिसतात म्हणून मी टोकलं तर "तुमचाच चष्मा पुसा" म्हणाल्या. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच.

यंदा अभ्यासक्रम बदलला. बांधीत नवे धडे घालणं भाग होतं. ताईंनी मला आतलं थोडंफार शिकवून ठेवलं होतं, त्याच्या जोरावर मी दोन महिने धडपडून ते केलं. सगळ्या शाळांतले शिक्षक म्हणाले, उघडल्याबरोबर ताईंचा फोटो दिसू द्या, खाली मोठ्या अक्षरांत बांधी. मीही तसंच केलं होतं. फोटो सुंदर दिसत होता.

पण ते मी बदललेलं होतं. ताईंनी तपासलेलं नव्हतं, आणि आता तपासणार नव्हत्या. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या कॉम्प्युटर खोलीत मी सकाळभर बसलो. ताईंशीच भांडलो. म्हटलं, तुमचीच आठवण ठेवतोय, एवढ्यासाठी तरी सूट द्या. लोक विचारतील, ताईंचं नाव पुसणारा हा कोण? त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते मला पाठ होतं, म्हणून जास्त राग येत होता. शेवटी मी फोटो काढला. मग बांधी ही अक्षरं काढली. मोकळी जागा बघून हमसाहमशी रडलो, सांगायला लाज वाटत नाही. पहिल्या पानावर लिहिलं: हे 'बांधी'वरून केलं आहे, पण बांधी नाही. नाव 'वाचनपाठ'. चुकलं तर जबाबदार मी. खाली माझं नाव आणि फोन नंबर.

सोमवारी शाळांत बसवलं. मंगळवारी दुपारी फोन वाजला. आमगावकडच्या एका शाळेच्या बाई होत्या, आवाज चांगलाच चढलेला. "सर, तिसरा धडा उघडूनच नाही राहिला! काय करून ठेवलं तुमी हे?"

चूक माझीच होती, मला ऐकताक्षणी कळलं. बाई बराच वेळ बोलत होत्या आणि त्यातला शब्द न् शब्द माझ्याच नावानं होता. मी ऐकून घेतलं. मग चप्पल घातली आणि आमगावची बस पकडली.