खिडकी नसलेली खोली

गावातल्या निम्म्या घरांच्या खिडक्या पडदेवाल्या बाईंना पाठ होत्या. पडद्यांची मापं घ्यायला जायच्या आणि टेप गुंडाळता गुंडाळता सगळं घर डोळ्यांत भरून आणायच्या. कादंबरी लिहीत होत्या ना! त्यातलं घर मनाचंच, पण त्याची वीट न वीट खरी हवी, हा हट्ट. म्हणून जिना दंतवैद्याकडचा, गॅलरी एका वकीलबाईंची, आणि मोरीचा ओला वास चक्क स्वतःच्या घरचा. "लोक खिडकीतून बाहेर बघतात, आमची ही आत बघते," असं त्यांचा नवरा येईल-जाईल त्याला सांगायचा. बाई म्हणायच्या, "बाहेर काय बघायचंय? रस्ता?"

एवढं करून घर काही जमेना. कादंबरीतल्या सुनेला सासरचे छळत होते, पण तिला बसवावं तिथे छान उजेड. बिचारी रडायला बसली तरी वाऱ्याची झुळूक यायची! चुकतंय कुठे ते बाईंना एकदा मशीन चालवताना कळलं. त्या जिथे जिथे गेल्या तिथे खिडकी होती. खिडकी नसेल तिथे पडदेवालीला कोण कशाला बोलावेल?

तशी एक खोली त्यांना ठाऊक होती. थोरल्या दिरांच्या घरात, स्वयंपाकघराच्या मागे. थोरल्या जाऊबाईंनी तरुणपणी कधी उलट उत्तर दिलं की त्यांची रवानगी तिथे व्हायची. कोणी पाहुणा आला तर "ती जरा पडलीय" असं सांगायचे. सगळ्या घराला माहीत होतं आणि सगळ्या घराने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

बाई गेल्या थेट दिरांच्या दारात.

"भाऊजी, मागची खोली बघायचीय. कादंबरीत घालायला."

भाऊजी दार अडवून उभे राहिले. "तिथे अडगळ आहे. आणि घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायला लाज नाही वाटत?"

"करणाऱ्याला वाटली नाही, मग लिहिणाऱ्याला का वाटावी?" असं म्हणून बाई त्यांच्या बगलेतून आत घुसल्या, मागच्या खोलीत जाऊन बसल्या आणि दार लोटून घेतलं.

आत मिट्ट काळोख. आयुष्यभर डोळ्यांच्या जिवावर हिंडलेल्या बाईंची चांगलीच पंचाईत झाली. काहीच दिसेना. त्यांना स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. जाऊबाई आत आल्या, दार पुन्हा लोटलं आणि बाईंच्या शेजारी खाली बसल्या.

"इथे बघून काय कळणार तुला?" त्या म्हणाल्या. "इथे ऐकू येतं. आधी ताटं मांडल्याचा आवाज. मग सगळे जेवतात, हसतात. मग कोणीतरी विचारतं, तिला द्यायचं का? त्यावर कोणी काही बोलत नाही. आणि मग भांडी घासल्याचा आवाज."

बाईंनी चाचपडत कागद काढला.

"दोघी बाहेर या आधी!" भाऊजी दारापलीकडून ओरडले. "नाहीतर..."

"नाहीतर काय?" जाऊबाईंचा आवाज इतका चढलेला त्या घराने कधी ऐकला नव्हता. "कडी तुमच्याच बाजूला आहे, लावा की! पण आज आत दोघी आहोत, आणि एकीला लिहिता येतं."

बाहेरून कडी काही वाजली नाही. आत अंधारात न बघता लिहिताना ओळीवर ओळ चढत होती. बाई म्हणाल्या, "चढू दे."