ब्रेक नंतर बसतात

ज्या दवाखान्यात पेशंटला बोलताच येत नाही, तिथे किस्से जरा जास्तच साठतात. पेशंट गप्प, म्हणून बाकीचे सगळे बोलत सुटतात! नारायणगावातला आमचा दवाखाना तान्ह्या बाळांचा. गोष्ट नव्वदच्या दशकातली, मी तिथे नवी डॉक्टर होते. हे किस्से आम्ही एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितले ते मात्र एकाच आठवड्यात. अलका सिस्टरची नात काचेच्या पेटीत होती, तिला झटके येत होते, आणि औषध लागू पडतंय की नाही ते कळत नव्हतं. नुसतं बसून करणार काय?

*

आमच्या मॅडम, म्हणजे दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर, आधी पुण्याला उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूवर काम करायच्या. एकदा चहाच्या वेळी त्यांनी जीपचे ड्रायव्हर रफिकभाई यांना सगळं संशोधन समजावून दिलं. "मोठ्या माणसाच्या मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेक लावतं. आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळात तेच रसायन अॅक्सिलरेटर दाबतं!"

रफिकभाई जुन्नरचे. अर्धं आयुष्य गॅरेजात गेलेलं. "असली गाडी आरटीओ पास कशी करतो?"

"गाडी रस्त्यावर आली की पार्ट बदलत जातात. चालत्या गाडीत."

"आन मेकॅनिक कोण?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "तेच तर शोधत होते, रफिकभाई. मधेच लग्न झालं!"

*

पिंपरी पेंढारचे एक आजोबा नातवाला घेऊन आले. सोबत बाळाचा बाप. आजोबांचा चेहरा उतरलेला. "मॅडम, प्वार लई भित्रं निपजलं. टोमॅटोच्या ट्रकचा हॉर्न वाजला की हातपाय फेकतंय!"

मॅडम म्हणाल्या, "भित्रं नाही हो. ब्रेक अजून बसायचेत. काही महिन्यांत बसतील."

आजोबांना हायसं वाटलं. दारापर्यंत गेले आणि मागे वळले. "मंग ह्याच्या बापाचं बसवायचं राह्यलंय बगा! येकदा मोटरसायकल चालवताना बगा त्याला."

बाप फरशी बघत उभा होता.

*

दुपारी वॉर्ड झोपायचा. हिरवे पडदे ओढलेले, दुधाचा वास, आणि ओळीनं बाळं. कुणी झोपेत ओठ हलवतंय, कुणाची बोटं उघडतात, मिटतात. मला वाटायचं, आपण विहिरीच्या तळाशी बसलोय आणि वरचं ऊन वरच राहिलंय. तशी शांतता मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

अशाच एका दुपारी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरचे एक इंजिनिअर मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. मॅडम हलक्या आवाजात सांगत होत्या, "या वयात मेंदूतल्या पेशी मधूनच सगळ्या मिळून गुणगुणतात. कुणी न सांगता. पुढे ब्रेक बसतात आणि ते गुणगुणणं थांबतं, कायमचं."

इंजिनिअर म्हणाले, "आमच्याकडे असा कुठून तरी आवाज आला, तर आम्ही गावात जाऊन कुणाचं मशीन बिघडलंय ते शोधतो!"

"हिचं बिघडलेलं नाही. नवं आहे."

 इंजिनिअरनी मुलीच्या टाळूला कान लावला आणि तसेच बसून राहिले.

*

बाळांना नावं नसत, म्हणून अलका सिस्टर त्यांना गावाच्या नावानं हाक मारायच्या. "बोरीनं दूध ओढलं का गं?" "पिंपरीचं लंगोट बदला!" एका गावची दोन आली, की थोरली बोरी आणि धाकटी बोरी. आवाज असा, की कंपाउंडबाहेर कळावं!

त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी, खोडदला आली होती. नात दुसऱ्या दिवसाची असताना सिस्टर नेहमीच्याच आवाजात ओरडल्या, "मॅडम, खोडदला झटका आलाय!" आणि मग तिथेच स्टुलावर बसल्या. त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

मॅडमनी इंजेक्शन दिलं. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "आपल्याकडचं औषध ब्रेकवरच काम करतं. आणि हिचा ब्रेक अजून ब्रेक झालाय की नाही, मला माहीत नाही. भीती वाटते गं."

रफिकभाईंनी काही न विचारता जीप पुण्याच्या दिशेला तोंड करून लावली आणि आत बसून राहिले.

*

सहाव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून उशाशी पेन ठेवायचं असतं. आमच्या वॉर्डात इन्फेक्शनच्या भीतीनं हे चालत नसे. हा नियम अलका सिस्टरचा! पेन घेऊन आलेल्या आज्यांना त्या दारातूनच परत पाठवायच्या. "सटवाईला सांगा, भेटायची येळ चार ते सहा!"

नातीच्या सहाव्या दिवशी त्याच सिस्टर मॅडमपुढे उभ्या राहिल्या. "मॅडम, पेन ठिवू का? स्पिरिटनं पुसून ठिवते."

"नाही, सिस्टर. नियम तुमचाच आहे."

"व्हय. माझाच हाये." आणि त्या दुसऱ्या बाळाचं दूध मोजायला गेल्या.

सकाळपासून नातीला झटका आला नव्हता. पण मॅडम त्यावर एक अक्षर बोलत नव्हत्या. संध्याकाळी मी घरी निघाले, तेव्हा त्या पेटीजवळ एकट्याच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी राउंडला मॅडमनी नातीला उचलून घेतलं, डोळ्यांत बघितलं, पाय हलवून पाहिले. मग केसपेपर मागितला आणि पेनासाठी एप्रनचा खिसा चाचपला. खिसा रिकामा. त्या एकदम थांबल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

अलका सिस्टरनी पेटीतून मॅडमचं पेन काढून पुढे केलं. टोपण नीट लावलेलं.

"घ्या मॅडम. तिचं लिहून झालं."