मेश्राम बाईंची झुरळं

स्टाफरूममध्ये झुरळ निघालं की आम्ही सगळे चपलेकडे धावायचो आणि मेश्राम बाई काचेच्या ग्लासाकडे. झुरळावर ग्लास उपडा घालून त्या वही आडवी धरत, एका बाजूला सावली करत आणि झुरळ सावलीत सरकलं की आमच्याकडे पाहत. "पाह्यलं? कोनं शिकोलं याले?" आंध्रातल्या बाजारहत्नूरकडच्या आमच्या मराठी शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. साल पंच्याऐंशीच्या आसपासचं.

एकदा त्यांनी झुरळानं टाकलेली अंड्यांची डबी बाटलीत जपून ठेवली. पिल्लं निघाली त्या दिवशी अख्खी सातवी बाटलीभोवती गोळा झाली. बाईंनी बॅटरी मारताच कणीएवढी पांढरी पिल्लं अंधाऱ्या बाजूला पळाली. "यायनं माय पाह्यली नाही, शाळा पाह्यली नाही. तरी उजेडातून पळाचं हे ठाऊक!" प्रयोग फसला तर तेही त्या फळ्यावर लिहीत. "जे झालं ते लिहा. आपल्या मनातलं नोका लिहू." मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. मला थोडा हेवाच वाटायचा.

आदिलाबादच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांची पेटी गेली. वर काच, अर्ध्या भागावर काळा कागद. सोबत आठवीच्या दोन मुली आणि मी. दिवाळीनंतरची थंडी, झुरळं गारठून हलेनात. बाई मुलींना घेऊन चहाला गेल्या. आता शाळेची फजिती होणार, या भीतीनं मी माझ्या डब्यातला गूळ कागदाखालच्या कोपऱ्यात चोळला. माझ्या मते मी मदत करत होतो.

ऊन वर आलं, झुरळं कागदाखाली गेली, वाहवा झाली. मग तपासायला आलेल्या साहेबांनी कागद उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. झुरळं उजेडातच चिकटून बसली. साहेबांनी काच सरकवून बोट फिरवलं, हुंगलं.

"मॅडम, ये तो गुड़ है. किसने लगाया?"

बाईंनी मुलींकडे पाहिलं. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मैंने लगाया," बाई म्हणाल्या.

मी शेजारीच उभा होतो.

त्यानंतर त्या 'गूळवाल्या बाई' झाल्या. वर्गात कुणाला खरं बोल म्हणायची त्यांना चोरी झाली. पेटी पुन्हा काढली नाही. आज सांगू, असं मी रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी निमित्त काढायचो. नोकरी जाणार नव्हती, फक्त नाव गेलं असतं. तेवढ्यालाच मी भ्यालो. त्याची लाज अजून जात नाही.

काही वर्षांनी त्यांनी बेल्लमपल्लीला बदली मागून घेतली. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ट्रंक बसच्या टपावर चढवून मी उतरलो, तेव्हा त्या जवळ आल्या.

"सर, त्या पोरीयले मी कधी इचारलं नाही. लेकरं होती, भेवानं केलं असन. तुमी बी नोका इचारू."

"पोरींनीच केलं कशावरून, बाई?" मी कसंबसं म्हणालो.

"दुसरं कोन करन?" त्या हसल्या. "मोठं मानूस असतं तं तिथंच पुढं आलं असतं नं."

मी "हो" म्हणालो.