शकूच्या लग्नाची लाकडं

ओलं लाकूड वाळवण्यात अवघड असं काहीच नसतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. रॉकेलची टंचाई, आणि शकूचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर. सगळा स्वयंपाक लाकडांवरच व्हायचा. वळसंगहून गाडीभर बाभूळ स्वस्तात आणली ती मीच (पिळली असती तर पाणी निघालं असतं!). आप्पा, आमचे वडील, ऊन लागून आत आडवे पडले होते. तिथूनच त्यांनी बजावलं, "नीट रच रं! न्हाईतर लग्नात चूल पेटायची न्हाई."

वखारवाल्यानं सांगितलं होतं, आडवे-उभे थर लावा, मधून हवा खेळू द्या. मी दारासमोरच ढीग रचला. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद! जमिनीची ओल लागू नये म्हणून बुडाशी गोवऱ्या घातल्या. लाकूडफोड्याला प्यायला शेजारी कोरं मडकं भरून ठेवलं. मग मागं सरून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याहून शकूचे होणारे सासरे आले, बस्त्याचं ठरवायला. ढीग दिसताच त्यांनी डोक्यावरचा फेटाच काढला आणि मला मिठी मारली.

"आरं देवा! कवा झालं?"

"काल सांजच्याला," मी अभिमानानं म्हणालो.

"आन् अजून हितंच?"

"हितंच ठेवायचं की! पंधरा दिवस उन्हात. त्याबिगार वाळत न्हाई."

पाहुणे मटकन खाली बसले. "वरीसभर आता लगीन न्हाई," कसंबसं म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या शकूनं ते ऐकलं, कपबशी टाकली आणि असा हंबरडा फोडला की सगळी गल्ली धावत आली. शेजारच्या मालनकाकूंनी ढीग पाहून गळाच काढला. "लई देवमाणूस होता वो!" कोणी तर बांबू आणायला पळालंसुद्धा.

"काकू, गेलं कोण?" मी घाबरून विचारलं.

"आरं लेकरा, तुजा बाप गेला की!"

आणि (सांगायला लाज वाटते) मीही भोकाड पसरलं!

एवढ्या गलक्यानं आप्पांना जाग आली. अंगावर पांढरी चादर गुंडाळून ते दारात आले. "कोण मेलं रं?"

अंगण क्षणात रिकामं झालं. पाहुणे ढिगाला अडखळून पडले आणि त्यांना दोन-चार काटे रुतले. काटे काढता काढता मात्र ते असे हसत सुटले की लग्न ठरल्या दिवशीच करायचं, हेही तिथंच पक्कं झालं.

लग्नात लाकडं पेटता पेटेनात. धुरानं अख्खा मांडव डोळे पुसत जेवला. भर पंगतीत आप्पा उभे राहिले. "पावनं, एक ध्यानात ठेवा. माजी खरी येळ आली की लाकडं कुणालाबी रचू द्या, पर ह्याला हात लावू देऊ नका. मला येकदाचं पेटायचं हाय!"